हातात शिबपूर, मनात पवई, घरी मात्र व्हीजेटीआय

कुर्ल्याहून एका मुलीचं लांबलचक पत्र आलंय. नाव छापत नाही. थोडक्यात मजकूर असा:

'यंदा बारावी सायन्स झाले. बाबा विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये आहेत, विमानात सामान चढवतात-उतरवतात. आमचं घर विमानं उतरतात त्या वाटेखालीच आहे, त्यामुळे विमानाचंच शिकायचं हे पाचवीपासून ठरलेलं. जेईई अॅडव्हान्स्डला पवईच्या आयआयटीचं एरोस्पेस मिळण्याइतका रँक आला नाही. जोसामध्ये, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या एकत्रित प्रवेशफेऱ्यांत, बंगालमधल्या शिबपूरच्या आयआयईएसटी या केंद्राच्या संस्थेत एरोस्पेस लागलंय, सध्या फ्लोट केलंय, म्हणजे सीट धरून वरच्या पसंतीची वाट बघतेय. सीईटीच्या पर्सेंटाइलवर व्हीजेटीआयला मेकॅनिकल मिळेल असं क्लासचे सर म्हणतात. आई म्हणते, बंगालात कशाला, कुर्ल्याहून माटुंग्याला लोकलने जा. बाबांच्या ओळखीचे एक काका म्हणतात, मुंबईतच "एरोनॉटिकल"चा कोर्स आहे, फी काही लाख, पण बाहेर पडलं की एअरलाइनमध्ये नोकरी. मामा म्हणतो, वर्षभर ड्रॉप घे आणि पवईच गाठ, नाहीतर व्हीजेटीआय करून अमेरिकेला एमएसला जा. मला सरकारी संस्थेतूनच करायचंय, कारण तिथून केलं की इस्रो, एचएएलमध्ये (हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये) घेतात. मेकॅनिकल घेतलं तर मी हार मानली असं होईल का?'

सोबत वहीचं एक पान जोडलंय. त्यावर थर्माकोलच्या ग्लायडरचं चित्र आणि खाली ओळ: 'नाकाला प्लॅस्टिसिनचा गोळा लावला की सरळ जातं, काढला की वर तोंड करून आपटतं. का?'

प्रिय मुली,

तुझ्या पत्रात चार माणसं तुला चार सल्ले देतायत आणि प्रत्येकाच्या डोक्यातलं विमान वेगळं आहे. काकांना ते हँगरमध्ये उभं दिसतंय, मामाला अमेरिकेला जाताना दिसतंय. आईला विमान दिसतच नाही, तिला हावड्याला जाणारी गाडी दिसते. आणि तू मात्र चौघांनाही एकच प्रश्न विचारतेयस, की मी कुठली ब्रँच घेऊ. ब्रँचचं बोलूच, पण त्याआधी विमानाचं नेमकं कुठलं काम तुला करायचंय ते बघू या. पूर्ण पत्रात तू ते कुठेच लिहिलेलं नाहीस. वहीच्या पानावर मात्र लिहिलंयस, बहुधा नकळत.

काकांच्या कोर्सपासून सुरुवात करते, कारण त्यात पैसे अडकायचा धोका सगळ्यात मोठा आहे.

मुंबईत राहून, लाखो रुपये भरून, एअरलाइनमध्ये नोकरी, हे वर्णन बहुतेक वेळा एएमईचं असतं, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनीअरिंगचं. जाहिरातीत त्याला सर्रास 'एरोनॉटिकल' म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. एएमई ही पदवी नाही, ते डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं लायसन्स आहे. बाबांना विचार, ते रोज बघत असतील: विमान स्टँडवर लागतं, चाकांना अडसर (चोक) लागतात, बाबांची टीम पोटातलं सामान काढायला लागते, तेवढ्यात एक जण टॉर्च घेऊन इंजिनात डोकावतो, टायर बघतो, गळती बघतो, वर कॉकपिटमध्ये जाऊन टेक लॉग उघडतो. आधीच्या वैमानिकाने त्यात काही बिघाड लिहून ठेवला असेल, तर तो दुरुस्त होऊन परवानाधारक इंजिनीअरची सही पडल्याशिवाय विमान सुटत नाही. नियमांच्या चौकटीत पुढे ढकलता येण्याजोगा बिघाड असेल, तर तसं लिहून सही. दीडशे-दोनशे माणसांचा जीव त्या सहीवर. मोठं काम आहे, आणि त्याला कमी लेखणाऱ्याला विमानातलं काही कळत नाही असं मी खुशाल म्हणेन.

पण ते काम विमान चालू ठेवायचं आहे. विमान असं का बनवलं, पंख इतकाच लांब का, हे तिथे कोणी तुला विचारणार नाही. उलट, निर्मात्याच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसंच आणि तेवढंच करायचं, ही त्या पेशाची शिस्त आहे. स्वतःची अक्कल लावून बोल्ट बदलला तर लायसन्स जाईल.

'बाहेर पडलं की नोकरी' यावरही डोळे झाकून विश्वास नको. कोर्सनंतर प्रत्यक्ष विमानांवरच्या कामाचा अनुभव लागतो, मग लायसन्स मिळतं, आणि ज्या जातीच्या विमानावर सही करायची त्याचं टाइप रेटिंग वेगळं. बी१ म्हणजे ढोबळमानाने इंजिन आणि सांगाडा, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. काकांना विचारायचे प्रश्न सोपे आहेत: संस्था डीजीसीएच्या सीएआर-१४७ मान्यताप्राप्त यादीत आहे का, कुठल्या कॅटेगरीसाठी, आणि मान्यता आजच्या तारखेला चालू आहे का? यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. उत्तर द्यायला आढेवेढे घेतले तर नमस्कार करून बाहेर पडायचं. हे तुझ्यासाठी कमी आणि हे सदर वाचणाऱ्या इतर आईबापांसाठी जास्त लिहितेय, कारण दागिने मोडून चुकीच्या नावाचा कोर्स घेतलेली घरं मी पाहिली आहेत.

आता तुझं वहीचं पान.

नाकाला वजन लावल्यावर ग्लायडर सरळ का जातो? त्याचं उत्तर विमानाच्या स्थैर्यात आहे. सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानता येईल, तो बिंदू एका ठरावीक जागेच्या पुढे असावा लागतो. मग वाऱ्याच्या झोताने नाक वर गेलं तर शेपटीवरचा जोर ते आपोआप खाली आणतो. वजन मागे सरकलं की हीच यंत्रणा उलटी चालते, नाक वर गेलं की आणखी वर जातं, आणि तुझं थर्माकोल फरशीवर आपटतं. प्रवासी विमानातही हेच. बाबांना लोडशीट मिळते ना, पुढच्या होल्डमध्ये इतकं, मागच्या होल्डमध्ये इतकं? ती याच बिंदूसाठी असते. म्हणजे तुझ्या वहीतला गोळा बाबा गेली कित्येक वर्षं रोज लावतायत.

हा विषय फ्लाइट मेकॅनिक्सचा. एरोस्पेसच्या पदवीत तो मधल्या वर्षांत सविस्तर येतो, मेकॅनिकलच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात येत नाही. प्रवाहशास्त्र आणि उष्मागतिकी दोन्हीकडे आहेत, पण मेकॅनिकलमध्ये ती पंप, टर्बाइन, बॉयलर, एसीच्या दिशेने वळतात. शिवाय मशीन डिझाइन, उत्पादनप्रक्रिया, गिअर, वेल्डिंग. एरोस्पेसमध्ये पंखावरचा दाब, पातळ पत्र्याचे आणि कॉम्पोझिटचे सांगाडे, जेट आणि रॉकेट इंजिनं, स्थैर्य आणि नियंत्रण. तुझं ते एक वाक्य वाचून माझा कौल एरोस्पेसकडे झुकतो, हे आधीच सांगून टाकते. 'आधी मेकॅनिकल कर, मग बघू' हा सुरक्षित सल्ला तुला दहा जण देतील. चुकीचा नाही तो. पण ज्या मुलीला हा प्रश्न आपणहून पडलाय, तिला त्याच्या उत्तरासाठी चार वर्षं थांबायला लावायचं, हे मला पटत नाही.

मात्र कौल देण्याआधी तुझी दोन गृहीतकं जरा हलवून बघू.

पहिलं, 'सरकारी संस्थेतून केलं की इस्रो, एचएएलमध्ये घेतात.' असं कुणी घेत नाही. सरकारी संस्थेची खरी कमाई म्हणजे बऱ्यापैकी प्रयोगशाळा, बरोबरीची हुशार मुलं आणि परवडणारी फी. नोकरीचं आश्वासन त्यात नाही. एचएएल जाहिरात काढून भरती करतं. डीआरडीओच्या भरतीत गेट या इंजिनीअरिंगनंतरच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांना वजन असतं. इस्रोच्या केंद्रीय भरतीच्या जाहिराती काढून बघ: शास्त्रज्ञ-अभियंता पदं बहुतांश मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर सायन्सला असतात. म्हणजे ज्या इस्रोसाठी तू मेकॅनिकलला नाक मुरडतेयस, तिथलं दार मेकॅनिकलला जास्त वेळा उघडतं. इस्रोशी थेट नातं असलेली संस्था तिरुवनंतपुरमची आयआयएसटी. ती अंतराळ विभागाची आहे, प्रवेश अॅडव्हान्स्डच्या रँकवर पण समुपदेशन स्वतंत्र. तू तिथे अर्ज केला होतास का, हे पत्रात नाही. पुढच्या वर्षी बसणाऱ्यांनी मात्र जोसा भरला म्हणजे सगळं भरलं असं समजू नये.

दुसरं गृहीतक, मेकॅनिकल म्हणजे हार. तर वरळीला जा. नेहरू विज्ञान केंद्रात एचएएलचं मरुत ठेवलेलं आहे. कुर्ट टँक नावाच्या जर्मन अभियंत्याच्या हाताखाली आपल्याकडे आकाराला आलेलं हे लढाऊ विमान १७ जून १९६१ला पहिल्यांदा उडालं. त्याचा सांगाडा ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या हिशेबाने आखला होता. पण त्या ताकदीचं इंजिन काही मिळालं नाही. ऑर्फियस इंजिनांवर भागवलं आणि विमान त्याच्या अंगात असलेल्या वेगाला कधी पोचलंच नाही. सुमारे दीडशे बनली, १९७१च्या युद्धात लढलीही, पण ती रुखरुख राहिलीच. तेजसचं बघ, आजही अमेरिकी इंजिनावर उडतं. इंजिनाच्या पात्यांचा धातू, ती ओतायची पद्धत, त्यांना गार ठेवायच्या केसाएवढ्या वाटा हे सगळं धातुशास्त्रवाल्यांचं आणि मेकॅनिकलवाल्यांचं काम. आपल्या देशात विमानाचं घोडं जिथे अडलंय ते ठिकाण म्हणजे इंजिन, आणि तिथे एरोस्पेसची पदवी एकटी पुरत नाही.

आणि लांब कशाला, तू मध्य रेल्वेने विक्रोळीवरून जात असशीलच. तिथे गोदरेजच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटमधल्या विकास इंजिनाचे भाग बनतात. एल अँड टीच्या पवईच्या कारखान्यातून इस्रोच्या जड रॉकेटच्या एस२०० बूस्टरच्या कवचाचे भाग गेलेत. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर हे रॉकेट मोटरच्या कवचासाठी ओळखलं जातं. (एचएएलचीच सुरुवात १९४० साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी केली, हे मामाला सांग. तू लिहितेस की १८९५ साली चौपाटीवर तळपद्यांनी उडवलं म्हणतात त्या विमानाचा तो दाखला देतो. त्या उड्डाणाचा भरवशाचा पुरावा नाही, आणि ज्या संस्कृत ग्रंथाचा आधार सांगतात त्यातली विमानं उडणं शक्य नाही, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली गणित करून दाखवलंय. तो निबंध शोधून वाच. विमान का उडणार नाही हे सिद्ध कसं करायचं, त्याचा तो झकास धडा आहे. वालचंदांचा कारखाना मात्र आजही चालू आहे.) नाशिकजवळ ओझरला एचएएलने मिग बांधले, सुखोई बांधली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे बांधलेलं पहिलं तेजस मार्क १ए उडालं. या सगळ्या ठिकाणी मेकॅनिकलची माणसं विमानं आणि रॉकेटं बनवतायत. त्यांना कुणी हरलेलं म्हणत नाही.

मग मी तरी एरोस्पेसकडे का झुकले? कारण ही सगळी कामं बनवायची आहेत, आणि तुझा प्रश्न आखणीचा आहे. एवढाच फरक. तो कायमचाही नाही. मेकॅनिकल करून गेटचा एरोस्पेसचा पेपर देता येतो आणि एमटेकला पवईच्या त्याच विभागात जाता येतं, वर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन. मामाला पवईच गाठायची असेल तर ही दुसरी वाट आहे.

आखणीच्या कामाचं एक वास्तव मात्र आधीच ऐकून ठेव. तिथे विमान क्वचितच दिसतं. बंगळूरच्या एखाद्या मोठ्या इंजिनीअरिंग सेंटरमध्ये काम करणारी अभियंती फ्लॅप जिथे पंखाला जोडतात त्या एका ब्रॅकेटवर महिनोन्महिने बसलेली असते. संगणकावर त्याचे हजारो तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो ते काढायचं, अहवाल लिहायचा, वरिष्ठ म्हणतात कोपऱ्यातले तुकडे अजून बारीक करा, की पुन्हा सगळं. विमानाच्या आवाजाने अंगावर काटा येतो म्हणून या क्षेत्रात आलेल्यांना इथे भयंकर कंटाळा येतो. गणिताचं कोडं सुटताना काटा येणारे टिकतात. आयआयटीच्या एरोस्पेसमधूनही किती तरी मुलं सॉफ्टवेअरला, फायनान्सला जातात. कारणं पगाराची असतात तशी ही पण असतात.

म्हणून निर्णयाआधी घरी एक प्रयोग कर. टेबलफॅन, दोन्ही तोंडं उघडी असलेला पुठ्ठ्याचा खोका आणि कागदी स्ट्रॉचे गठ्ठे आण. स्ट्रॉ खोक्यात वाऱ्याच्या दिशेने आडवे, एकमेकांना चिकटवून ठासून भर. पंख्याचा वारा गरगरत येतो, स्ट्रॉमधून तो सरळ होतो. थर्माकोलचा एक पंख काप, वरून फुगीर, खालून सपाट, पॉलिश पेपरने घासून. त्याच्या पाठीवर लोकरीचे बोटभर धागे ओळीने सेलोटेपने चिकटव. पंख एका काडीवर उभा कर, काडी बुडाला जड कर आणि ते सगळं स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेव. काट्याला वारा लागू देऊ नकोस, पुठ्ठ्याचा आडोसा कर, नाहीतर आकडे नाचतील. आता पंख दोन-दोन अंशांनी वर तिरपा कर. दर वेळी काट्यावरचं वजन थोडं कमी होईल, तेवढी उचल. धागे पाठीला चिकटून मागे वाहत असतील. एका कोनाला, मोठ्या पंखात पंधरा अंशांच्या आसपास, तुझ्या छोट्या पंखात बहुधा त्याआधीच, मागच्या कडेचे धागे थरथरायला लागतील, उलटे फिरतील, आणि काट्यावरचं वजन पुन्हा वाढायला लागेल. याला स्टॉल म्हणतात. खऱ्या वाऱ्याच्या बोगद्यातही असेच धागे चिकटवून हेच बघतात.

पहिल्या दिवशी आकडे वेडेवाकडे येतील. त्यानंतर तू काय करतेस त्याकडे लक्ष दे. आलेख असा का आला म्हणून कागद घेऊन बसलीस, नेटवर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानमालेतलं एरोडायनॅमिक्सचं व्याख्यान शोधलंस, त्यातलं अर्धं डोक्यावरून गेलं तरी बंद केलं नाहीस, तर शिबपूर. पंख आणखी सुबक कापण्यात, काडीचा सांधा पक्का करण्यात वेळ कसा गेला कळलं नाही, तर व्हीजेटीआयचं मेकॅनिकल तुला जास्त मानवेल, आणि ते दुय्यम मुळीच नाही. दोन्ही नको वाटून तू खिडकीत जाऊन उतरणारी विमानंच बघत बसलीस, तर तेही कळलेलं बरं. मग काकांच्या नाही पण डीजीसीएच्या यादीतल्या एखाद्या संस्थेचा, किंवा हवाई वाहतुकीतल्या दुसऱ्याच एखाद्या कामाचा शांतपणे विचार करू. प्रयोग म्हणजे काही परीक्षा नव्हे, त्यावर आयुष्य तोलू नकोस. पण चार जणांच्या मतांपेक्षा तो तुझ्याबद्दल जास्त सांगेल.

आईचं काय? तिची काळजी 'बायकांना काही कळत नाही' म्हणून बाजूला सारू नकोस. पण तिला एक गोष्ट आत्ताच प्रेमाने सांगावी लागेल: विमानाच्या आखणीचं काम आपल्या देशात मुख्यतः बंगळूर, हैदराबाद या बाजूला आहे. मुंबईत विमानतळ आहेत, हँगर आहेत, विक्रोळी-पवईचे कारखाने आहेत, आखणीची कार्यालयं फारशी नाहीत. म्हणजे लेक आज नाही तर चार वर्षांनी घराबाहेर जाणारच आहे. प्रश्न फक्त अठराव्या वर्षी की बाविसाव्या. गीतांजली एक्सप्रेस सीएसएमटीहून सकाळी सुटते, कल्याणला थांबते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला पोचते. शिबपूर हावड्यातच. संस्था १८५६ सालची, जुनी बंगाल इंजिनीअरिंग कॉलेज, २०१४ पासून आयआयईएसटी. प्रवेशाला आईला बरोबर घेऊन जा. मुलींचं हॉस्टेल, मेस, रात्रीचं गेट तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. मेसमधल्या माशांबद्दल तिची तक्रार असणार नाही, असा माझा अंदाज.

पैशाचा हिशेब मात्र व्हीजेटीआयच्या बाजूने आहे, आणि तो कागदावर मांड. जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून हवा, आणि खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. 'एरोस्पेस'च्या चकचकीत पाट्या आपल्याकडे बऱ्याचदा नेमक्या अशाच विद्यापीठांवर असतात, हे ध्यानात ठेव. म्हणजे तू यात बसत असशील तर माटुंग्याला तुझा खर्च मुख्यतः पास आणि पुस्तकांचा. शिबपूरला फी, हॉस्टेल, मेस आणि वर्षातून दोनदा येणं-जाणं. केंद्राच्या संस्थांमध्येही उत्पन्नानुसार शुल्कसवलत असते, तुम्ही त्यात बसता का ते संस्थेच्या फी-पत्रकात बघ. कर्ज काढावंच लागलं तर सरकारी संस्थेच्या एरोस्पेससाठी काढायला माझी हरकत नाही. खाजगी पाटीवर 'एरो' लिहिलंय एवढ्यासाठी त्याच्या कितीतरी पट कर्ज काढायला आहे.

ड्रॉपबद्दल फार लिहीत नाही. अॅडव्हान्स्ड दोनदाच देता येते, बारावीच्या वर्षी आणि लगेच पुढच्या. हातात सरकारी एरोस्पेसची सीट असताना ती सोडून एका परीक्षेवर वर्ष लावायचं, हा सौदा मला महाग वाटतो. शिबपूरहून गेट देऊन पवईला जाता येतं, हे वर आलंच.

अमेरिकेचंही मामाला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. तिथे एमएसला प्रवेश मिळतो, शिक्षणही उत्तम. पण विमान-अवकाश क्षेत्रातल्या पुष्कळ नोकऱ्यांवर निर्यात-नियंत्रणाचे कायदे लागू आहेत, त्यामुळे कंपन्यांना तिथले नागरिक किंवा ग्रीनकार्डवालेच हवे असतात. आपली मुलं एरोस्पेसचं एमएस करून मग मोटारगाड्यांच्या नाहीतर सॉफ्टवेअरच्या कंपनीत शिरतात ती हौसेने नव्हे. तिकडे जायचं तर हे माहीत असताना जावं.

आणि बाबा. त्यांना काय वाटतं, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस, फक्त त्यांचे ओळखीचे काका काय म्हणतात ते लिहिलंयस. त्यांच्या पासवर तुला आत, विमानं उभी असतात त्या अॅप्रनपर्यंत नेता येणार नाही, तिथले सुरक्षेचे नियम कडक आहेत. पण शिफ्ट सुटल्यावर एखाद्या मेंटेनन्स इंजिनीअरला चहाला थांबवून तुझी गाठ घालून देणं त्यांना सहज जमेल. त्याला विचार, सही करताना भीती वाटते का, आणि रात्रपाळीला पावसात काय करता.

आता घाईची गोष्ट. जोसाच्या फेऱ्या बहुतेक वेळा कॅपचं वाटप लागायच्या आधी संपतात. म्हणजे व्हीजेटीआय नक्की मिळालं हे कळण्याआधी तुला शिबपूरचं ठरवावं लागेल. फ्लोट केलंयस तर तुझ्या पसंतीक्रमात शिबपूरच्या वर काय भरलं होतंस ते आज रात्री लॉगिन करून बघ. वर कुठल्या एनआयटीचं मेकॅनिकल किंवा सिव्हिल भरलं असेल आणि पुढच्या फेरीत ते लागलं, तर शिबपूरची सीट आपोआप जाईल, मागाहून रडून परत मिळत नाही. वरचं काही नको असेल तर फ्रीज कर, म्हणजे हीच सीट पक्की. सीट सोडायची असेल तर शेवटच्या फेरीआधी माघार घेता येते, थोडी रक्कम कापून बाकीचे पैसे परत मिळतात. त्यानंतर ती सोय बंद होते. मी तुझ्या जागी असते तर माटुंग्याच्या आशेवर शिबपूर सोडलं नसतं. मागाहून व्हीजेटीआय घेतलं तर बुडणारी रक्कम विम्याचा हप्ता समजले असते आणि कॅपचा फॉर्मही पूर्ण भरला असता.

कॅपसाठी आरक्षणातून जात असशील तर जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेयर हातात आहेत का, हे आजच तपास. पुढच्या वर्षी बसणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: राज्याचं नॉन-क्रिमीलेयर जोसाला चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातलं, त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं ओबीसी-एनसीएल प्रमाणपत्र लागतं. सेतू केंद्रात अर्ज देताना 'केंद्राचा नमुना' असं तोंडाने सांगा आणि हातात आल्यावर खिडकी सोडण्याआधी वाचून घ्या.